मनाचे जाते

संध्याकाळी घरात दिवा लागतो, कुटुंब क्रुसासमोर जमते आणि रोजरीला सुरुवात होते. पहिले रहस्य संपेपर्यंत मन शब्दांबरोबर असते. दुसऱ्या रहस्यात ते अंगणात जाते, तिसऱ्यात बाजारात, चौथ्यात एखाद्या जुन्या भांडणात रेंगाळते, आणि पाचवे रहस्य संपताना आपल्या ध्यानात येते की बोटांनी सगळे मणी मोजले, ओठांनी सगळे शब्द उच्चारले, फक्त आपण तिथे नव्हतो. पापनिवेदनाच्या वेळी प्रार्थनेत मन भटकल्याची कबुली देणारी भाविक मंडळी प्रत्येक धर्मग्रामात असतात. अनेकांना ही गोष्ट आपल्या श्रद्धेतील उणीव वाटते; काहींना ती इतकी खुपते की ते प्रार्थनाच सोडून देतात.

वास्तविक या तक्रारीला किमान सोळाशे वर्षांचा लिखित इतिहास आहे. ज्या माणसांनी केवळ प्रार्थनेसाठी घरदार, गाव, नाती यांचा त्याग केला आणि वाळवंटात जाऊन मुक्काम ठोकला, त्यांचीही हीच तक्रार होती. त्यांनी तिच्यावर रडगाणे न गाता तिचा अभ्यास केला. तो अभ्यास इजिप्तच्या वाळूतून फ्रान्सच्या किनाऱ्यावर, तेथून इटलीच्या डोंगरावर, स्पेनच्या मठात आणि अखेर आपल्या कोकणच्या मातीत कसा उतरला, याचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे. या प्रवासात एक प्रतिमा पुन्हा भेटते. ती धान्य दळण्याची आहे. ज्यांच्या घरात जाते होते, त्यांना ती वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

वाळवंटातील दुपार

ख्रिस्ती संन्यासाचा आद्य पुरुष मानला जाणारा संत अँथनी (सुमारे २५१ ते ३५६) याच्याविषयी वाळवंटातील साधूंच्या वचनसंग्रहात पहिलीच कथा येते, ती मोठी बोलकी आहे. एकांतात बसलेल्या अँथनीला उबग आला. विचारांचे मोहोळ उठले. आपल्याला तरायचे आहे, पण हे विचार तरू देत नाहीत, असे गाऱ्हाणे त्याने देवापुढे मांडले. बाहेर येऊन पाहतो तो त्याच्याचसारखा एक माणूस दोरी वळत बसलेला. तो काम करी, मग उठून प्रार्थना करी, पुन्हा बसून दोरी वळी. तो देवदूत होता, असे कथा सांगते. अँथनीला उत्तर मिळाले ते एवढेच. त्याला कोणताही मंत्र मिळाला नाही, डोळे दिपवणारा साक्षात्कारही घडला नाही. हातांना काम, मग प्रार्थना, मग पुन्हा काम, असा दिवसाचा एक साधा ताल मिळाला.

अँथनीनंतरच्या पिढीत नाईल नदीच्या मुखप्रदेशाच्या पश्चिमेला नित्रिया, केलिया आणि स्केटिस ही साधूंच्या वस्तीची तीन ठिकाणे प्रसिद्धीस आली. 'केलिया' या शब्दाचा अर्थच 'कुट्या'. एकीचा आवाज दुसरीत जाऊ नये इतक्या अंतरावर त्या उभ्या असत. आठवडाभर साधू एकटा राही आणि शनिवार-रविवारी सारे एकत्र उपासनेला जमत. १९६४ साली आंत्वान गियोमों या फ्रेंच विद्वानाने या लुप्त वस्तीची जागा निश्चित केली आणि पुढील उत्खननात वाळूखालून शेकडो वसतिस्थानांचे अवशेष हाती आले.

या केलियात सुमारे चौदा वर्षे राहून ३९९ साली मरण पावलेला एव्हाग्रियस हा आपल्या विषयाचा खरा पहिला शास्त्रज्ञ. त्याचा जन्म सुमारे ३४५ साली काळ्या समुद्राजवळच्या पाँटस प्रांतात झाला. संत बेझिलने त्याला वाचक नेमले, तर नाझियान्झसच्या संत ग्रेगरीने उपदीक्षा दिली. राजधानी कॉन्स्टँटिनोपलमध्ये बुद्धिमान वक्ता म्हणून त्याचा गाजावाजा झाला. तेथेच एका प्रतिष्ठित घराण्यातील विवाहित स्त्रीच्या प्रेमात तो अडकला. त्याला पेलेना, म्हणून तो शहर सोडून जेरुसलेमला पळाला. तेथेही सुंदर वस्त्रांचा आणि मानमरातबाचा मोह सुटेना. अखेर दीर्घ आजारात मेलानिया नावाच्या थोर संन्यासिनीने त्याच्याकडून सारे काढून घेतले आणि त्याला इजिप्तची वाट दाखवली. मनाची चंचलता त्याने अशी स्वतःच्या आयुष्यात भोगलेली होती. केलियात तो हस्तलिखितांच्या नकला करून पोट भरी.

एव्हाग्रियसने साधूला छळणाऱ्या विचारांची आठ गटांत मांडणी केली: खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, खिन्नता, क्रोध, उबग, पोकळ कीर्तीची हाव आणि गर्व. त्यांतील सहावा, ग्रीक भाषेत 'अकेडिया' म्हटला जाणारा विचार त्याला सर्वांत जड वाटला. मराठीत त्याला 'उबग' याहून नेमका शब्द सापडणे कठीण. त्याचे त्याने केलेले वर्णन वाचताना हसू येते आणि मग आपण चपापतो. हा विचार सकाळी दहाच्या सुमारास येतो आणि दोन वाजेपर्यंत ठाण मांडतो. सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो. साधू पुन्हा पुन्हा खिडकीकडे बघतो, बाहेर येऊन जेवणाच्या वेळेला किती अवकाश आहे हे उन्हावरून ताडतो, कोणी भेटायला येत आहे का म्हणून वाटेकडे डोळे लावतो. मग त्याला या जागेचा वीट येतो, कामाचा वीट येतो. इथे कोणाला माझी कदर नाही, अमक्याने मला परवा दुखावले, दुसरीकडे गेलो असतो तर बरे झाले असते, देव काय सगळीकडेच आहे, अशी विचारांची रांग लागते. दुसऱ्या एका ठिकाणी तो वाचन करणाऱ्या साधूचे चित्र काढतो. हा साधू जांभया देतो, डोळे चोळतो, भिंतीकडे बघतो, उरलेली पाने मोजतो आणि शेवटी पुस्तक मिटून उशाशी घेतो.

या निदानाइतकाच त्याचा उपचारही सूक्ष्म आहे. हे विचार मनात येणे न येणे आपल्या हाती नाही, पण त्यांना मुक्काम करू देणे न देणे आपल्या हाती आहे, हे त्याचे मूळ सूत्र. भटकणाऱ्या मनाला वाचन, जागरण आणि प्रार्थना स्थिर करतात, असे तो सांगतो. विचार केव्हा येतो, केव्हा ओसरतो, कोणत्या विचारामागून कोणता येतो, याची वैद्याने नाडी पाहावी तशी नोंद ठेवावी. उबग येईल तेव्हा कुटी सोडून पळू नये. पळाल्याने मन पळायलाच शिकते. आपल्या मनाचे जणू दोन भाग करावेत आणि एकाने दुसऱ्याचे सांत्वन करावे. प्रत्येक विचाराला उत्तर म्हणून पवित्र शास्त्रातील एकेक छोटे वचन तयार ठेवावे, आणि यासाठी त्याने वचनांचा एक संग्रहच रचला. एवढे केले की उबगाच्या पाठीमागून दुसरा कोणताही विचार येत नाही. येते ती शांती आणि वर्णन न करता येणारा आनंद, असा त्याचा अनुभव आहे.

अब्बा पोएमेन याची गोष्टही याच जातीची. मनात फार विचार येतात म्हणून एक बंधू त्याच्याकडे आला. पोएमेनने त्याला बाहेर नेऊन सांगितले, पदर पसर आणि वारा पकडून दाखव. ते जमत नाही, असे बंधूने कबूल करताच गुरू म्हणाला, विचारांना येण्यापासून तू तसाच रोखू शकणार नाहीस. त्यांच्यापुढे मान तुकवायची नाही, एवढेच तुझे काम.

नाव गेले, धडा राहिला

एव्हाग्रियसच्या मृत्यूनंतर लगेचच वाळवंटात वादळ उठले. अलेक्झांड्रियाचा आर्चबिशप थिओफिलस याने ओरिजनच्या विचारांचे अनुयायी म्हणून अनेक साधूंना हुसकून लावले. पुढे ५५३ साली कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेच्या वेळी ओरिजनबरोबर एव्हाग्रियसच्याही काही तात्त्विक मतांचा धिक्कार झाला. तेव्हापासून त्याचे नाव घेणे धोक्याचे ठरले. पण त्याचा प्रार्थनेवरचा ग्रंथ लोकांना सोडवेना. संत योहानच्या शुभवर्तमानातील १५३ मासळीची आठवण म्हणून १५३ लहान प्रकरणांत रचलेला तो ग्रंथ नायलस नावाच्या दुसऱ्या एका साधूच्या नावावर शतकानुशतके वाचला गेला. तो एव्हाग्रियसचाच आहे, हे १९३४ साली इरेने ओशेर या येशूसंघीय धर्मगुरूंनी दाखवून दिले. ख्रिस्तसभेच्या इतिहासातील हा मोठा विचार करायला लावणारा प्रसंग आहे. एखाद्याची काही मते नाकारली जातात आणि त्या नकाराच्या ओझ्याखाली त्याचे निरुपद्रवी, उलट अत्यंत उपकारक असे कामही निनावी होते.

पश्चिमेकडे हे काम ज्याने पोहोचवले, त्या जॉन कासियनने (सुमारे ३६० ते ४३५) आपल्या ग्रंथांत एव्हाग्रियसचे नाव एकदाही घेतलेले नाही. तरुणपणी कासियन आणि त्याचा मित्र जर्मानस यांनी इजिप्तमधील साधूंच्या पायाशी बसून कित्येक वर्षे काढली. वादळात ते तेथून बाहेर पडले. पुढे सुमारे ४१५ साली कासियन मार्सेलला स्थिरावला आणि त्याने तेथे पुरुषांसाठी व स्त्रियांसाठी असे दोन मठ स्थापन केले. ४२०च्या दशकात त्याने आठवणींतील ते संवाद चोवीस भागांत लिहून काढले.

या संवादांत प्रश्न विचारणारा जर्मानस हा आपल्या सर्वांचा प्रतिनिधी आहे. एक स्तोत्र म्हणू लागावे तर मन दुसऱ्यावर उडी मारते, तेथून शुभवर्तमानावर, तेथून एखाद्या पत्रावर. सगळे चाखून होते, पण पोटात काहीच उतरत नाही, असे तो सांगतो. त्यावर अब्बा मोझेस पाणचक्कीचा दाखला देतो. प्रवाहाच्या जोराने चाक फिरत असते तोवर चक्की थांबवता येत नाही. पण तिच्यात गहू टाकायचा, जव टाकायचा की विषारी तण टाकायचे, हे तिच्या मालकाच्या हाती असते. मनही असेच आयुष्याच्या प्रवाहाने अखंड फिरत राहणार. त्याला थांबवण्याचा हट्ट व्यर्थ आहे. त्याला काय दळायला द्यायचे, एवढाच प्रश्न आहे.

मग धान्य कोणते? अब्बा आयझॅक त्याचे उत्तर देतो. सत्तराव्या स्तोत्राच्या आरंभीची एक ओळ, जीत भक्त देवाला साह्यासाठी धावून येण्याची विनवणी करतो, ती उठता-बसता, कामात, प्रवासात, झोपेच्या उंबरठ्यावर म्हणत राहावी. ही ओळ भयात चालते, आनंदात चालते, गर्व चढला असता चालते आणि उबग आला असताही चालते. आजही ख्रिस्तसभेच्या प्रहरप्रार्थनेचा आरंभ याच ओळीने होतो. आपले धर्मगुरू आणि धर्मभगिनी दररोज तिचा उच्चार करतात, तेव्हा सोळा शतकांपूर्वीच्या त्या वाळवंटाचा स्वर त्यांच्या मुखी असतो.

कासियनची स्वतःची एक कबुली मात्र अधिक हृद्य आहे. लहानपणी गुरुजींनी त्याच्याकडून लॅटिन काव्ये घोकून घेतली होती. आता स्तोत्रे म्हणताना त्या काव्यांतील वीर आणि त्यांची युद्धे डोळ्यांपुढे नाचू लागत. अश्रूंनीही ती धुतली जात नव्हती. हे त्याने अब्बा नेस्टेरॉसला सांगितले. गुरूने त्याला ती काव्ये विसरण्याचा आदेश दिला नाही. त्यांच्यासाठी जेवढे कष्ट आणि जेवढी आवड खर्ची घातलीस तेवढीच पवित्र शास्त्रासाठी खर्ची घाल. मन रिकामे राहू शकत नाही, नवे धान्य भरपूर आले की जुने आपोआप बाजूला सरेल, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. हे उत्तर आपण ध्यानात ठेवू या. पुढे गोव्याच्या संदर्भात ते पुन्हा लागणार आहे.

या गुरूंच्या शिकवणीत कडकपणा होता, पण तो आंधळा नव्हता. अब्बा पॉल नावाचा साधू वस्तीपासून इतका दूर राही की विणलेला माल बाजारात नेण्याचे भाडे मालाच्या किमतीपेक्षा जास्त झाले असते. तरी तो रोज नेमाने खजुरीच्या पानांचे काम करी आणि वर्ष संपले की साठलेले सारे जाळून टाकी. कामाची गरज पोटाला नसली तरी मनाला होती. दुसरीकडे, कासियन प्रेषित योहानची एक कथा सांगतो. योहान एका तितराला कुरवाळत बसला होता, हे पाहून एका शिकाऱ्याला नवल वाटले. योहानने त्याला विचारले, तू धनुष्याची दोरी सदा ताणून का ठेवत नाहीस? ताणून ठेवली तर धनुष्याचा जोर जाईल, असे शिकारी म्हणाला. मनाचेही तसेच, असे योहानने त्याला समजावले.

मठाची घंटा आणि एका शब्दाचे नशीब

एकेका साधूने साधलेली ही कला सामान्य वकुबाच्या माणसांच्या घोळक्याला कशी पेलावी? सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीने त्याची सोय केली. तिने दिवसाची काम, वाचन आणि प्रार्थना अशी विभागणी केली. सामुदायिक प्रार्थना आटोपशीर ठेवावी आणि मन वाणीशी जुळवून घ्यावे, असे तिने सांगितले. प्रायश्चित्तकाळात प्रत्येकाला एकेक ग्रंथ वाचायला दिला जाई आणि त्या वेळात एक-दोन वडीलधाऱ्या बंधूंनी मठात फेरी मारून कोणी उबगाने गप्पा छाटत नाही ना हे पाहावे, अशीही तरतूद होती. रात्रीच्या वाचनासाठी बेनेडिक्टने ज्या ग्रंथांची नावे घेतली, त्यांत कासियनचे संवाद आहेत. एकट्याच्या निग्रहावर सगळा भार न टाकता घंटा, ग्रंथ आणि शेजारी बसलेला बंधू यांनी मनाला आधार द्यावा, हे बेनेडिक्टचे शहाणपण.

याच शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी द ग्रेट यांनी आठ विचारांची फेरमांडणी करून सात मुख्य पापांची यादी रूढ केली. उबग खिन्नतेत मिसळला गेला आणि काही शतकांनी त्याच जागी 'आळस' येऊन बसला. हा बदल शब्दापुरता नव्हता. उबग ही ओळखण्याची, नोंदण्याची आणि उपचार करण्याची अवस्था होती. आळस हा दोष ठरला. वैद्याची जागा न्यायाधीशाने घेतली. आज प्रार्थनेत मन भटकले म्हणून खाली मान घालून कबुली देणाऱ्या भाविकाच्या मनावरचे ओझे बरेचसे या स्थित्यंतराचे आहे, असे मला वाटते.

बार्सिलोनाचा विद्यार्थी आणि आव्हिलाची माता

सोळाव्या शतकात स्पेनमध्ये या परंपरेला नवा बहर आला. संत इग्नेशियस लोयोला वयाच्या तिशीनंतर बार्सिलोनात लहान मुलांसोबत लॅटिन शिकत होता. क्रियापदांची रूपे घोकायला बसले की त्याच्या मनात आध्यात्मिक विचारांचा नवा पूर येई, पाठांतर होईना. प्रार्थनेच्या वेळी मात्र असे काही घडत नाही, हे त्याच्या लक्षात आले आणि त्याने ओळखले की हे चंचलपणाचेच सोवळे रूप आहे. त्याने आपल्या गुरुजींना एका चर्चमध्ये नेऊन मन मोकळे केले आणि वचन दिले की पोटाला भाकरी-पाणी मिळेल तोवर दोन वर्षे मी तुमचा एकही पाठ चुकवणार नाही. भलतीकडे नेणारा विचार पवित्र असला तरी तो भलतीकडेच नेतो, हा धडा थोडक्यांनाच सुचतो. त्याच्या 'आध्यात्मिक साधना' या १५४८ साली पोप पॉल तिसरे यांनी मान्यता दिलेल्या पुस्तकात एकेका दोषाची रोज दोनदा नोंद करून रेघांवर खुणा करण्याची पद्धत आहे, आणि श्वासागणिक प्रार्थनेचा एकेक शब्द मनात धरण्याची रीतही आहे. ध्यानात रुक्षता आली तर ठरलेल्या तासापेक्षा थोडे अधिकच बसावे, असे तो सांगतो. केलियातील कुटी न सोडण्याच्या नियमाचाच हा नवा अवतार.

आणि संत तेरेजा. प्रार्थनेची महान गुरू, १९७० साली ख्रिस्तसभेची आचार्य म्हणून घोषित झालेली. तिने आत्मचरित्रात निःसंकोच लिहिले आहे की कित्येक वर्षे प्रार्थनेला बसल्यावर तास केव्हा संपतो आणि घड्याळाचा टोला केव्हा पडतो, याकडेच आपले कान लागलेले असत. सुमारे अठरा वर्षे हातात पुस्तक असल्यावाचून प्रार्थनेला बसण्याचे तिला धैर्य होत नव्हते. १५७७ साली 'आत्म्याचा राजवाडा' लिहिताना तिच्या डोक्यात सतत घोंघावणारा आवाज होता. त्याच पुस्तकाच्या चौथ्या दालनात ती सांगते की धावणारे विचार म्हणजे पाणचक्कीच्या खटखटणाऱ्या लाकडासारखे आहेत. ते खटखटत राहू द्यावे आणि आपण आपले पीठ दळत राहावे.

हा दाखला तिने कुठून घेतला हे ती सांगत नाही. पण कासियन तिच्या वाचनातला होता, आपल्या 'परिपूर्णतेचा मार्ग' या पुस्तकात तिने त्याचे नाव घेतले आहे. अब्बा मोझेसची चक्की तिच्या मठापर्यंत फिरत आली असेल, तर तिने त्या दाखल्याला एक पाऊल पुढे नेले. मोझेसने धान्य निवडण्याची जबाबदारी शिकवली. तेरेजाने आवाजाची भीती घालवली. चक्की खटखटते म्हणून पीठ पडत नाही असे नाही. विचारांच्या गलबल्याखालीही आत्मा देवापाशी असू शकतो. भटकणाऱ्या मनाबद्दल अपराधी वाटून खचलेल्या साधकाला यापेक्षा मोठा दिलासा कोणी दिला असेल?

ओवी

आता आपल्या मातीकडे वळू. १५७९ साली थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय गोव्यात उतरला आणि पुढील चाळीस वर्षे, १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, बहुतांशी साष्टीत राहिला. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. मराठीत रचलेल्या या ग्रंथात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. ग्रंथाच्या प्रारंभीच स्थानिक श्रोता पाद्रीला विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? नेस्टेरॉस आणि कासियन यांच्या संवादातला मुद्दाच येथे कोकणी मातीत उभा राहिला आहे. मन रिकामे राहू शकत नाही. त्याला धान्य हवे. स्टीफन्सने ते दिले, आणि ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वाणीने ज्या छंदाला प्रतिष्ठा दिली होती, त्याच छंदात दिले.

ओवीला आणखी एक घर आहे. पहाटेच्या अंधारात जात्यावर बसलेल्या बाईच्या ओठांवरची ओवी ग्रंथातल्या ओवीची सख्खी नातलग. हात खुंट्यावर, जाते घरघरतेय, एक मूठ दाणे तोंडात पडताहेत आणि त्या घरघरीवर स्वर चढतो आहे. माहेर, भाऊ, लेकरू, देव, सगळे त्या स्वरात येते. जाते थांबवून ओवी म्हणता येत नाही. जात्याच्या फिरण्यावरच ती तोलली जाते. मोझेस आणि तेरेजा यांनी जे दाखल्यातून सांगितले, ते आपल्या आजी-पणज्यांच्या हातांना ठाऊक होते. श्रम, ताल आणि शब्द एकत्र आले की मन आपोआप घरी येते.

या कथेला एक काळी कडाही आहे आणि ती झाकणे योग्य नव्हे. नेस्टेरॉसने कासियनची काव्ये जाळायला सांगितली नव्हती. गोव्यात मात्र सोळाव्या शतकात पोथ्या जप्त झाल्या आणि जाळल्याही गेल्या. पुढे १६८४ साली पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूमच काढला. धान्य हिसकावून घेतल्याने जाते शुद्ध होत नाही; ते रिकामे फिरते आणि स्वतःलाच झिजवते. असे असूनही ख्रिस्तपुराण टिकले, ते भाविकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या प्रतींमुळे. त्याच्या सुरुवातीच्या छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज हाती नाही. १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला ते पुन्हा छापले, ते अशाच हस्तलिखितांच्या आधारे. गुरूचे नाव गेले तरी धडा राहिला, तसे छापखाने गेले तरी ओवी राहिली.

आजचे दळण

१४ फेब्रुवारी २०२४ रोजी, राखेच्या बुधवारी, पोप फ्रान्सिस यांनी आपल्या साप्ताहिक प्रवचनात उबग या विषयावर बोलताना एव्हाग्रियसचे नाव घेतले आणि खिडकीवर डोळे लावून बसलेल्या त्याच्या साधूची आठवण करून दिली. धिक्काराच्या सावलीत गेलेले नाव रोमच्या व्यासपीठावरून असे आदराने उच्चारले गेले, ही इतिहासाची भरपाईच म्हणायची.

त्या साधूला एकच खिडकी होती. आपल्या प्रत्येकाच्या खिशात एक खिडकी असते, ती रात्रंदिवस उघडी असते आणि तिच्यातून कोणी ना कोणी सतत हाक मारते. आपण तिच्यात डोकावतो ते त्याच कारणाने, ज्या कारणाने केलियाचा साधू उन्हात येऊन वाटेकडे बघत असे. म्हणून त्याच्यासाठी सांगितलेला उपाय आपल्यालाही लागू पडतो. विचार आला म्हणून घाबरू नये, तो कोणता आहे हे ओळखावे. जागा सोडू नये. हातांना नेमाचे काम द्यावे. तोंडी एक छोटी प्रार्थना असावी, इतकी छोटी की ती अर्धवट राहू नये. एकट्याने जमत नसेल तर इतरांबरोबर बसावे. घरातील सामुदायिक रोजरी आपल्या पूर्वजांनी उगाच जपली नाही. धनुष्य अधूनमधून उतरवावे. आणि दिवसभर मनाच्या तोंडी आपण मूठमूठ काय घालत आहोत, याकडे लक्ष असावे. संध्याकाळी क्रुसासमोर गुडघे टेकल्यावर बाहेर पडणारे पीठ त्याच दाण्यांचे असते.

पाचवे रहस्य संपताना आपण तिथे नव्हतो हे ज्या क्षणी ध्यानात येते, त्या क्षणी आपण परतलेलो असतो. वाळवंटातील गुरूंनी त्या परतण्याला पराभव मानले नाही. त्यांनी त्यालाच प्रार्थना म्हटले असते. पुढचा मणी हातात घ्यावा आणि म्हणू लागावे. जाते फिरतच आहे.